नक्कल मागण्याचा हक्क
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सिल्वासा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थापकांची आठवण काढावी, शिक्षणाचे महत्त्व सांगावे, आणि वेळ उरल्यास तरुण पिढीला चार शब्द सुनवावे, असा आपल्याकडचा परिपाठ आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा 'पोलीस ठाण्यातले व कोर्टातले कागद कसे मागावे' असे मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, मंगल प्रसंग आहे." प्रसंग मंगल आहे हे मलाही ठाऊक आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हणही मला पाठ आहे. पण ती म्हण रचणाऱ्याला एवढे सांगावयाचे राहून गेले की, पुष्कळदा माणूस पायरी चढत नाही, पायरीच त्याच्या दारात येऊन उभी राहते. वापीच्या रस्त्यावर ट्रकने मोटारसायकल उडविली, कारखान्यात यंत्राने हात घेतला, मुलाचे गुणपत्रक बसमध्ये हरवले, की त्या घराला कागद लागू लागतात. ते कागद कुठे असतात आणि कोणत्या शब्दांत मागावयाचे असतात, हे त्या घरात बहुधा कोणालाच माहीत नसते.

मी वकील नाही. बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर आहे. परंतु गावात मास्तर असला की त्याच्याकडे मुलांच्या वह्यांइतकेच पालकांचे अर्ज येतात. शिवाय ट्रस्टच्या मदत समितीत मी काही वर्षे बसतो आहे. त्या खोलीत एक संभाषण मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला तोंडपाठ झाले आहे. घरातला कर्ता माणूस अपघातात गेलेला असतो. आम्ही विचारतो, "ठाण्यात नोंद झाली का?" उत्तर येते, "हो, साहेबांनी सगळे लिहून घेतले." आम्ही विचारतो, "मग तुम्हाला काय दिले?" यावर ती बाई आमच्याकडे पाहत राहते. आपल्यालाही काही द्यावयाचे असते ही कल्पनाच तिला नसते. आज मला जे बोलावयाचे आहे ते त्या पाहत राहण्याविषयी आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे बोलतो. मास्तराची खोड आहे, ती आपण सोसून घ्यावी. अर्ज, फिर्याद, दाखला, वकील, जामीन, पंचनामा, रोजनामा, नक्कल हे सारे शब्द फारसी-अरबी दफ्तरांतून मराठीत आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातले पुष्कळ परके शब्द दूर करविले, तरी हे शब्द टिकले, कारण ते दरबारापुरते राहिले नव्हते, रयतेच्या तोंडी बसले होते. त्यांतला 'नक्कल' हा शब्द मोठा मौजेचा आहे. बहुरूप्याने केली तर ती थट्टा ठरते, आणि कारकुनाने सहीशिक्क्यानिशी केली तर तिच्यावर न्यायाधीश निकाल देतात.

आपल्या या मुलुखाला तर नकलांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. 1954 च्या जुलैत दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून गेले, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पुढचा भाग मात्र थोड्यांना ठाऊक असतो. पोर्तुगालने 1955 च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून या प्रदेशात जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने अडविला, असे त्यांचे म्हणणे होते. आणि तेथे, त्या परक्या देशातल्या दरबारात, प्रश्न कशावर आला? पेशवाईतल्या कागदांवर. 1779 चा पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा पुढे आल्या. त्यांच्या मराठी शब्दांचा अर्थ काय, बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे दिली म्हणजे राज्य दिले की नुसता वसूल दिला, यावर विद्वान वकिलांनी घोळ घातला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. त्या कागदांनी मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते, सरंजामासारखे उत्पन्न दिले होते, असे न्यायालयाने ठरविले. मात्र पुढे ब्रिटिशांनी येथली पोर्तुगीज सत्ता मानली, हेही त्याने नोंदविले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, पण फौज, शस्त्रे आणि सशस्त्र पोलीस यांना नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा तो निकाल होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणा चिटणिसाने लिहिलेला कागद जपला गेला होता, म्हणून तर त्याचा अर्थ लावता आला. ज्या मुलुखाचा वाद असा कागदावर चालला, तेथल्या माणसाने आपल्या मुलाच्या अपघाताचा कागद मागावयास संकोच करावा, हे मला चमत्कारिक वाटते.

आता मूळ विषयाकडे येतो. पोलिसांकडे गंभीर, म्हणजे दखलपात्र, गुन्ह्याची खबर दिली की ती लिहून घेतात. हिला प्रथम खबर, किंवा सर्वांच्या तोंडचे नाव सांगावयाचे तर एफआयआर म्हणतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173 मध्ये तीन गोष्टी आहेत, त्या कृपा करून लक्षात ठेवाव्या. लिहिलेली खबर देणाऱ्याला वाचून दाखविली पाहिजे. मगच त्याची सही घ्यावयाची. आणि तिची नक्कल खबर देणाऱ्याला अथवा ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तत्काळ व विनामूल्य दिली पाहिजे. विनामूल्य हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. वाचून दाखविण्याच्या नियमाचे मोल आपल्याकडे अधिक आहे, कारण आपल्या वस्तीत एक माणूस घरी वारली बोलतो, बाजारात गुजराती, शाळेत मराठी आणि साहेबाशी हिंदी. तो बोलतो एका भाषेत आणि लिहिले जाते दुसऱ्या भाषेत. 'मागून धडक दिली' याचे 'समोरासमोर धडक झाली' असे झाले तर भरपाईचे अर्धे प्रकरण तेथेच बुडते. म्हणून सही करण्यापूर्वी, "साहेब, एकदा वाचून दाखवा" एवढे म्हणण्यात उद्धटपणा नाही.

नोंद घेण्यासच नकार मिळाला तर? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदविणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली दिला. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवड नव्या कायद्याने ठेवली आहे, हे खरे. पण 'उद्या या, परवा या' ही सवड कोणत्याही कायद्यात नाही. नकार मिळाल्यास तीच खबर लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. टपालाची पावती जपावी. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात, ठाण्याचे नाव मी घेत नाही, चार हेलपाट्यांनी जे झाले नाही ते रजिस्टर टपालाच्या एका पावतीने झाले.

हद्दीचा प्रश्न तर आपल्या पाचवीलाच पुजलेला आहे. दादऱ्याहून सिल्वाशाला यावयाचे तर मधला पट्टा गुजरातचा. खानवेलच्या पलीकडे थोडे गेले की महाराष्ट्राचा पालघर जिल्हा. अपघात पुलाच्या अलीकडे झाला की पलीकडे, यावर जखमी माणसाच्या नातेवाइकाने वाद घालीत बसावयाचे काय? नव्या संहितेने सांगितले आहे की, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, खबर कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे. मग ती योग्य ठाण्याकडे पाठविणे त्यांचे काम. हिला शून्य क्रमांकाची खबर म्हणतात. तिचीही नक्कल मागून घ्यावी, आणि प्रकरण दुसरीकडे गेल्यावर तेथे पडलेला नवा क्रमांक आठवणीने विचारून घ्यावा. हा दुसरा क्रमांक न विचारल्यामुळे महिनोन् महिने भलत्याच ठाण्यात खेपा घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

गुन्हा किरकोळ, अदखलपात्र असला तर एफआयआर होत नाही, नुसती नोंद होते. हरविलेल्या कागदांचेही तसेच. शाळा सोडल्याचा दाखला वा बोर्डाचे गुणपत्रक हरवले तर दुय्यम प्रतीसाठी पोलिसांकडच्या नोंदीचा कागद बहुधा मागतात. कागद हरवल्याचे ज्या दिवशी कळले त्याच दिवशी ही नोंद करावी. आमच्या विद्यार्थ्यांना नेमकी प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात जाग येते, हा वेगळा विषय झाला. त्यावर मी शाळेत रोज बोलतो.

2016 साली सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या अर्जावर आणखी एक सोय करून दिली. एफआयआर नोंदल्यापासून सामान्यतः चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावयाचा, अडचण असल्यास बहात्तर तासांपर्यंत. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील अत्याचार अशी नाजूक प्रकरणे यातून वगळली आहेत. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही अर्ज केल्यास पोलिसांकडून चोवीस तासांत नक्कल मिळाली पाहिजे, असे त्याच निकालात आहे. हे मी मुद्दाम सांगतो. कागद मागण्याचा हक्क फिर्यादीचाच आहे असे नाही. ज्याच्या मुलाला रात्री उचलून नेले त्या बापालाही, आपल्या मुलावर नेमका कोणता आरोप आहे हे वाचावयास मिळाले पाहिजे.

एफआयआर ही सुरुवात झाली. त्यानंतर पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, मोटारीचा तपासणी अहवाल असे कागद जमत जातात. ते सगळे मागताच मिळतील अशी समजूत करून घेऊ नये. तपास चालू असताना तपासाची डायरी कोणाला मिळत नाही, आणि मिळू नये हेही योग्यच आहे. मात्र तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविण्याचे बंधन कलम 193 ने पोलिसांवर घातले आहे. दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याच्या नकला आरोपीला विनामूल्य मिळतात, आणि पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही मिळतात. दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकावी अशी मागणी झाली होती. ती 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. तेव्हा एफआयआर उघडा असतो म्हणून दोषारोपपत्रही उघडे असेल, असा तर्क करू नये.

मोटार अपघातात वेळेचे महत्त्व फार. 2022 च्या एप्रिलपासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. भरपाईच्या अर्जाला 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. नवरा गेल्यावर चाळीस दिवस घरात रडण्यात जातात, पुढे गावाकडे जाऊन येण्यात दोन महिने जातात, आणि मग कोणीतरी सांगते की केस करा. तोवर ट्रक कुठल्या कुठे गेलेला असतो. सुतकात कागद आठवत नाहीत हे मला समजते. म्हणूनच म्हणतो की शेजाऱ्याने आठवण ठेवावी. मातीला जाणाऱ्या पन्नास माणसांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन नक्कल आणली, तर ते त्या घरावर मोठे उपकार होतील.

आता एका अवघड शब्दाविषयी. पोलिसांनी तपास बंद केला की मुंबई इलाख्याच्या जुन्या पद्धतीत त्याला 'समरी' म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही; 'ब' म्हणजे फिर्याद खोटी; 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा फौजदारी नव्हे तर दिवाणी स्वरूपाची. पोलिसांनी असा अहवाल दिला म्हणजे सारे संपले नाही. दंडाधिकाऱ्यांनी तो मान्य करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे 1985 साली भगवंत सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण नोटीस जाते कुठे? फिर्यादीत लिहिलेल्या पत्त्यावर. आपले कामगार बांधव दर वर्षी चाळ बदलतात. पत्ता बदलला तर ठाण्यात आणि कोर्टात लेखी कळवावे, आणि त्या चिठ्ठीची पोच घ्यावी.

पत्त्याच्या या लहानशा गोष्टीवरून आठवण होते ती फार मोठ्या दुःखाची. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत मुंबईत जी दंगल झाली तिच्यात नऊशे माणसे मेली आणि 168 बेपत्ता झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने चौकशी केली. तीस वर्षांनी, 4 नोव्हेंबर 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शकील अहमद प्रकरणात निकाल दिला. त्यात जे पुढे आले ते मी वाचले तेव्हा मला दंगलीहूनही ते शांत कागद अधिक भयंकर वाटले. बेपत्ता झालेल्यांपैकी साठ जणांच्याच वारसांना भरपाई मिळालेली होती. उरलेले 108. कोणाचा पत्ता नाही, कोणाच्या कागदपत्रांची पूर्तता नाही. न्यायालयाने या वारसांचा शोध घेण्यासाठी समिती नेमली आणि भरपाईची रक्कम 1999 च्या जानेवारीपासून व्याजासह देण्यास सांगितले. त्याचबरोबर 97 खटले कोर्टांच्या सुप्त नस्तीत पडून होते, त्यांचा तपशील काढून ते पुढे चालविण्यास सांगितले. सुप्त नस्ती! निजलेल्या फायली. त्यांत मारणाऱ्याचा धर्म आणि मरणाऱ्याचा धर्म मी पाहत नाही. माणूस नाहीसा झाला आणि त्याच्यामागे त्याचा पत्ताही नाहीसा झाला, एवढेच मला दिसते. राज्याने शोधावयास हवे होते, यात शंका नाही. पण ज्या घरात फिर्यादीची एक नक्कल, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख ट्रंकेत जपलेली असते, त्या घराला विसरणे राज्यालाही जड जाते.

कोर्टातल्या कागदांकडे वळतो. येथे रीत वेगळी आहे. सिल्वासा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते, 1961 सालच्या विलीनीकरणापासून. कोर्टातल्या कोणत्याही कागदाची सहीशिक्क्याची नक्कल हवी तर नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, कोणत्या तारखेचा कोणता कागद, हे स्पष्ट लिहावे आणि ठरलेली फी भरावी. 'माझ्या केसचे सगळे कागद द्या' असा अर्ज कारकुनाच्या टेबलावर धूळ खातो. क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा एक कायम क्रमांक असतो, तो एकदा मिळाला की पुढची तारीखही तेथेच दिसते. तारीख पाहण्यासाठी एक दिवसाचा रोज बुडविण्याचे आता कारण उरलेले नाही. आपण त्या खटल्यात पक्षकार नसू तर कागद कशाला हवा याचे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागू शकते. येथे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. कोर्टाची नक्कल कोर्टाच्या नियमांनीच मागावी, असे 2020 च्या मार्चमध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अपील करावयाचे असल्यास नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण त्यासाठी नकलेवर अर्जाची व नक्कल तयार झाल्याची तारीख हवी, ती तपासून घ्यावी.

निकालाच्या नकलेविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे. मुलगा अठरा-वीस वर्षांचा असताना कुठल्या मारामारीत नाव येते, खटला चालतो, तो निर्दोष सुटतो. घरात पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. निकालाची नक्कल कोणी घेत नाही. सहा-सात वर्षांनी त्याला सरकारी नोकरीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज येतो. त्यात विचारलेले असते, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? तो घाबरून 'नाही' लिहितो. पोलिसांच्या नोंदीत 'हो' असते. 2016 साली अवतार सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने खरी माहिती दिलीच पाहिजे. खरे सांगणाऱ्याच्या बाबतीतही नियोक्ता विचार करू शकतो, आणि लपविणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. मी मुलांना सांगतो, खरे लिहा आणि सोबत निकालाची नक्कल जोडा. एका मुलाच्या हातात ती नक्कल होती. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती वाचली, साक्षीदारांनी त्याचे नावच घेतले नव्हते हे पाहिले, आणि पुढे विचारले नाही. नक्कल नसती तर त्याने किती बोलावे लागले असते! जुने कागद ठराविक वर्षांनी नष्ट करण्याचे नियम कोर्टांनाही असतात. म्हणून निर्दोष सुटल्याचा निकाल त्याच महिन्यात काढून घ्यावा, त्याच्या दोन प्रती कराव्या, आणि एक आईजवळ ठेवावी. आया कागद हरवीत नाहीत असा माझा अनुभव आहे.

तिसरे दार माहिती अधिकाराचे, 2005 च्या कायद्याचे. दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्याने लिहून द्यावयाचे असते. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांत. आपण केंद्रशासित प्रदेशात राहतो, म्हणून पहिले अपील येथल्या वरिष्ठाकडे व दुसरे थेट दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. पोलिसांकडून सर्रास येणारे उत्तर म्हणजे, तपास चालू आहे, माहिती देता येत नाही. कायद्यात तशी सवड आहे खरी, कलम 8 मध्ये. परंतु तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 साली भगत सिंह नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात म्हटले. अपिलात हे वाक्य आपल्या शब्दांत जरूर लिहावे. आणि अर्ज शहाणपणाने करावा. 'माझ्या भावाला न्याय का मिळाला नाही?' हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर कोणत्याही फायलीत नसते. 'अमुक क्रमांकाच्या गुन्ह्यात अंतिम अहवाल कोर्टात कोणत्या तारखेला व कोणत्या जावक क्रमांकाने पाठविला?' याचे उत्तर फायलीत असते, आणि ते नाकारणे कठीण जाते.

हे ऐकून काही मंडळींचे डोळे वेगळ्याच कारणाने चमकले असतील, म्हणून दोन शब्द कडू बोलतो. भाऊबंदाची, होणाऱ्या व्याह्याची, भाडेकरूची प्रकरणे उकरण्यासाठी ही विद्या नाही. एफआयआर म्हणजे आरोप, निकाल नव्हे. कोणाचा तरी एफआयआर संकेतस्थळावरून उतरवून मोबाइलवर गावभर फिरविणे हा आपल्याकडे एक नवा करमणुकीचा प्रकार निघाला आहे. तो मला किळसवाणा वाटतो. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव उघड करणे तर गुन्हाच आहे. परक्याची वैयक्तिक माहिती माहिती अधिकारात मिळणे 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या दुरुस्तीने आणखी अवघड झाले आहे. त्या दुरुस्तीवर टीका पुष्कळ झाली, आणि अधिकाऱ्यांची झाकपाक तिच्याआड सोपी होईल ही भीती मलाही वाटते. परंतु शेजाऱ्याच्या ट्रंकेत डोकावणाऱ्याची गैरसोय झाली तर त्याचे मला दुःख नाही.

पैशांचा प्रश्न कोणीतरी विचारीलच. आदिवासी बांधव, स्त्रिया, मुले, कोठडीतली माणसे आणि औद्योगिक कामगार यांना 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे वर्णन वाचले की ते आपल्या सिल्वाशाची वस्ती पाहूनच लिहिले आहे असे वाटते. कोर्टाच्या आवारात विधिसेवेचे कार्यालय विचारावे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

विश्वस्तांनी माझी एक विनंती मान्य केली आहे. यापुढे मदत समितीच्या अर्जाबरोबर एक कोरा कागद जोडलेला असेल. त्यावर ठाण्याचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक, कोर्टाचा क्रमांक आणि पुढली तारीख, एवढ्या चार जागा आहेत. ज्यांच्या जागा रिकाम्या असतील त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर वाचनालयात यावे. मी आणि आमच्या शाळेतले आणखी दोघे शिक्षक बसलेले असू. येताना असतील ते कागद आणावे, फाटके, भिजलेले, तेलाचे डाग पडलेले, कसेही. फक्त त्यांची घडी करून पाकिटात कोंबू नका, क्रमांक नेमका घडीवरच येतो.